प्रार्थनाही आणि विहिरीही

‘पंडिता रमाबाईंनी फक्त प्रार्थना केली, बाकी सगळं देवाने पुरवलं’ हे त्यांच्यावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. त्यांची श्रद्धा अस्सलच होती. विधवांसाठीच्या त्यांच्या शाळेला अमेरिकेतल्या मंडळाने दिलेलं मदतीचं वचन १० वर्षांपुरतंच आहे हे माहीत असूनही १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पण पुण्याजवळच्या केडगावात, या मुलींसाठी उभ्या केलेल्या मुक्ती सदनात, त्यांनी विहिरीही खणून घेतल्या, शेती उभी केली, विणकाम आणि छापखाना मुलींच्या हाती दिला. देवावर विश्वास होता म्हणूनच एवढं अंगावर घेतलं ना!

आम्ही काही जणी दवाखान्याबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना रात्रीचं जेवण देतो. मागच्या पावसाळ्यात एकदा डब्याच्या तळाशी दोन मापं तांदूळ आणि रांगेत ६० माणसं. देवाला हात जोडले आणि तशीच भिजत वाण्याकडे उधारी मागायला गेले. त्याने अख्खं पोतं दिलं, पैसे घेतलेच नाहीत. ती बुद्धी त्याला देवानेच दिली, असं मी आजही मानते. पण त्याच्या दुकानाची पायरी मलाच चढावी लागली. लेखात केडगावच्या विहिरींवर दोन ओळी तरी हव्या होत्या.