दिवस मोजून गाव सापडत नाही

आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक संदेश चौथ्यांदा आला. सारांश असा: मोबाईलला रेंज नसली तरी घाबरू नका. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा बघा, दिवस किती तासांचा ते काढा, की जगाच्या पाठीवर आपण नेमके कुठे आहोत ते कळते. विषुववृत्ताकडच्या गोव्यासारख्या ठिकाणी तर ही पद्धत सर्वांत अचूक. आपले पूर्वज असेच करत, पोर्तुगीजही याच युक्तीने गोव्याला पोचले. खाली हात जोडलेले.

‘नेमके कुठे’ इथेच गाडी घसरते. तारीख ठाऊक असेल तर दिवसाच्या लांबीवरून मिळतो तो फक्त अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासून किती उत्तरेला वा दक्षिणेला ते. २१ जूनला पणजीचा दिवस सुमारे १३ तास ३ मिनिटांचा. सुदानमधल्या खार्टूमचाही तेवढाच, कारण दोन्ही शहरे साडेपंधरा अंश उत्तरेवर. मध्ये अख्खा अरबी समुद्र आणि अरबस्तान.

अचूकतेचे तर बरोबर उलटे आहे. जूनमध्ये इथून एक अंश, म्हणजे १११ किलोमीटर, उत्तरेला गेलात तर दिवस जेमतेम चार मिनिटांनी वाढतो. पेडण्यापासून काणकोणापर्यंतचा गोवा एका अंशातही मावतो. ऑस्लोजवळ तोच एक अंश वीस मिनिटांहून जास्त फरक पाडतो. आणि आपल्याकडे चार मिनिटे कुठे हरवतात ते मला विचारा. डिसेंबरात मी हौसेने कोलव्याला हा प्रयोग केला. सकाळी सूर्य माडांमागच्या डोंगरांवरून डोके काढीपर्यंत उजाडून बराच वेळ झाला होता. संध्याकाळी तो पाण्याला टेकलाच नाही, दोन बोटे वरच धुरकटीत विरघळला. दिवस यायला हवा होता ११ तास १३ मिनिटांचा, माझा भरला ११ तास ५ मिनिटांचा. त्या हिशेबाने मी गुहागरच्या आसपास उभा होतो. किल्ल्यावर चढून बघाल तर उलटी चूक: समुद्रापासून पन्नास मीटर उंचीवर सूर्यास्त मिनिटभर उशिरा होतो.

२१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमाराला तर सगळीकडेच दिवस बारा तास आणि वर थोडी मिनिटे. आपण केप्यात आहोत की केपटाऊनला, तेही कळायचे नाही.

पूर्वजांचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीने दुसऱ्या शतकात वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसावरून पृथ्वीचे पट्टे मांडले. नाईलकाठच्या मेरोईचा पट्टा तेरा तासांचा, जवळपास आपलाच. पण तो पट्टा, गाव नव्हे. आपले पंचांगकर्ते उलट दिशेने जात. विषुवदिनी भर दुपारी बारा अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, सावली मोजायची, ती पलभा. पणजीला ती साधारण ३ अंगुळे २० व्यंगुळे (साठ व्यंगुळांचे एक अंगुळ). तिला १०, ८ आणि ३⅓ यांनी गुणले की तीन चरखंडे, म्हणजे अर्ध्या दिवसाच्या वाढीचे तीन हप्ते. बेरीज ७१ पळे (साठ पळांची एक घटी, म्हणजे २४ मिनिटे). त्याची दुप्पट तीस घटींत मिळवली की सर्वांत मोठे दिनमान ३२ घटी २२ पळे, म्हणजे १२ तास ५७ मिनिटे. (वरच्या १३ तास ३ मिनिटांत हवा सूर्याला उचलून धरते तीही मिनिटे आली.) गाव आधी ठाऊक, दिवस मागाहून.

पोर्तुगीज नाविक अॅस्ट्रोलेब या कोन मोजायच्या चकतीने दुपारच्या सूर्याची उंची मोजत आणि क्रांतीच्या, म्हणजे सूर्य त्या दिवशी विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे त्याच्या, कोष्टकांवरून अक्षांश काढत. जहाजावर वेळ दाखवायला अर्ध्या तासाची वाळूची घटिका. तिच्यावर मिनिटे कुठली मोजणार? रेखांशासाठी लागणारे, समुद्रावर भरवशाने चालणारे घड्याळ जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने १७५९ मध्ये पुरे केले. गोवा पोर्तुगीजांनी १५१० मध्येच घेतला होता.

आता रेखांश. त्याला दिवसाची लांबी नाही, दिवसाचा मध्य लागतो. भारतीय वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, पणजी ७३.८ अंशांवर, आणि एका अंशाला चार मिनिटे, म्हणून इथे सूर्याची दुपार, म्हणजे तो सर्वांत उंच येतो ती वेळ, सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी. पण ही सरासरी झाली. फेब्रुवारीच्या मध्याला ती १२:४९ ला होते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ ला. सरासरीपासूनच्या या फरकाची वजाबाकी संदेशात कुठेच नाही. ती न करता हिशेब मांडाल तर फेब्रुवारीत तुम्ही किनाऱ्यापासून पावणेचारशे किलोमीटर आत अरबी समुद्रात, आणि नोव्हेंबरात आंध्रातल्या कर्नूलजवळ. दोन्ही वेळा प्रत्यक्षात पणजीच्या कदंब स्टँडवर.