‘काउंट आले, आता प्रतिकारशक्ती वाढवा’: त्या मेसेजला उत्तर

बोन मॅरो ट्रान्सप्लांट (हाडांतल्या, रक्त तयार करणाऱ्या मगजाचं प्रत्यारोपण) झालेल्या माणसाच्या घरच्यांना एक मेसेज हमखास येतो. मावशीकडून येतो, सोसायटीच्या ग्रुपवरून येतो. मजकूर थोड्याफार फरकाने असा: काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, वर आले म्हणजे पेशंट बरा झाला. आता प्रतिकारशक्ती वाढवा. गुळवेलीचा काढा, मोड आलेली कच्ची कडधान्यं, ताज्या फळांचे रस, सकाळचं कोवळं ऊन. ‘केमिकल’ गोळ्या हळूहळू बंद करा. माणसांत मिसळू द्या.

पाठवणाऱ्याची माया खरी असते, म्हणूनच कुणी उलट बोलत नाही. मी बोलते. दुसऱ्याच्या, म्हणजे भाऊ-बहीण, आईवडील किंवा अनोळखी दात्याच्या पेशी घातल्या असतील, तर यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलटी पडू शकते. स्वतःच्याच पेशी परत दिल्या असतील तर धोके थोडे वेगळे असतात, पण काढा तिथेही नकोच.

आधी काउंटचं. नवा मॅरो साधारण दोन ते चार आठवड्यांत रुजतो आणि पांढऱ्या पेशींचा आकडा वर येतो. आकडा आला तरी त्या पेशी अजून नवशिक्या असतात. संसर्गाशी नीट लढणारी यंत्रणा उभी राहायला वर्ष लागतं, कधी जास्तही. लहानपणी घेतलेल्या लसींचं संरक्षणही बरंचसं पुसलं जातं, म्हणून त्या पुन्हा घ्याव्या लागतात. बहुतेक सहा महिने ते वर्षानंतर सुरू होतात. गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत लसी दोन वर्षांच्या आत देत नाहीत, आणि त्यानंतरही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुटल्या असतील तरच.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट इथेच सांगते. घरात लहान बाळ असेल तर पोलिओच्या दोन थेंबांचा विचार करा. थेंबांतला विषाणू जिवंत असतो आणि बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. बाळाचं लसीकरण चुकवायचं नाहीच. पण पोलिओची लस इंजेक्शनने द्यायची का, हे बालरोगतज्ज्ञ आणि ट्रान्सप्लांटचे डॉक्टर दोघांना आधी विचारा. पल्स पोलिओच्या वेळी दारात आलेल्या ताईंना हे कसं कळणार? आपणच सांगायचं.

आता ‘प्रतिकारशक्ती वाढवा’. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही औषधं प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबायलाच दिलेली असतात. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीराला परकं समजून त्वचा, आतडी आणि यकृतावर हल्ला करू शकतात. डॉक्टर याला जीव्हीएचडी म्हणतात. ज्या पेशींना आवर घालण्यासाठी महागड्या गोळ्या चालू आहेत, त्यांनाच काढ्याने चेव आणायचा? गुळवेलीबद्दल तर 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. तो वाद बाजूला ठेवला तरी आपल्या माणसाचं लिव्हर बिघडलं, तर ते जीव्हीएचडीने, औषधाने की संसर्गाने, हे शोधताना डॉक्टरांची आधीच दमछाक होते. त्यात काढ्याची भर कशाला?

गोळ्या ‘हळूहळू बंद’ करणं हे खरंच असतं, पण ते डॉक्टर करतात, रक्तातली औषधाची लेव्हल बघून. लेव्हलच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, एवढं घरच्यांनी सांभाळलं तरी मोठी मदत. पपनस आणि ग्रेपफ्रूट या काळात नको, त्याने औषधाची लेव्हल वाढते. गणपतीत कोकण-गोव्याकडे पपनस घरात असतंच, तेव्हा फोड हातात येण्याआधी लक्ष ठेवा.

कच्ची मोडाची मटकी आणि गाडीवरचा रस बंद. पण म्हणून वर्षभर फक्त गिळगिळीत खिचडी, हेही नको. अतिकडक पथ्याने संसर्ग कमी होतो असं अलीकडच्या चाचण्यांत दिसलेलं नाही. स्वच्छ हात, उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं जेवण, धुऊन सोललेलं फळ, आणि आपल्या सेंटरने दिलेली यादी. ऊन मात्र खरंच टाळा. कोवळं असलं तरी अतिनील किरणांनी त्वचेचा जीव्हीएचडी उफाळू शकतो. ड जीवनसत्त्व कमी असेल तर गोळी मिळते.

आणि ‘माणसांत मिसळू द्या’. सर्दी-खोकला नसलेला एखादा मित्र, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून अर्धा तास बसला तर छानच. कुंड्यांची माती, ओल आलेली भिंत, शेजारच्या फ्लॅटमधली तोडफोड यांपासून पेशंटला लांब ठेवा, कारण बुरशी तिथूनच येते. पण वेगळं ताट, बंद खोली असले प्रकार नकोत. आजार पेशंटकडून कुणाला लागत नाही, आणि रोज थोडं चालणं त्याला हवंच असतं.

देशात हे उपचार 1983 पासून, टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केल्यापासून होत आहेत. डिस्चार्जनंतर काय बिघडतं हे त्यामुळे डॉक्टरांना चांगलंच माहीत आहे. मेसेजमध्ये तापाचा एक शब्दही नाही, आणि माझा सगळ्यात मोठा राग त्यावर आहे. 100.4 फॅरनहाइट किंवा त्यावर ताप म्हणजे लगेच फोन आणि निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मनाने पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, गोळीने ताप झाकला जातो. अंगावर पुरळ, पातळ जुलाब, डोळे पिवळे दिसले तरी तेच. फॉरवर्डच करायचं असेल तर हा परिच्छेद करा.