नोटरीच्या शिक्क्याने वावर नावावर होत नाही

आमच्याकडच्या शेतकरी ग्रुपवर एक मेसेज सध्या जोरात फिरतो आहे: ‘रजिस्ट्रीत पैसे घालू नका. 500च्या स्टॅम्पवर लिहा, दोन साक्षीदार घ्या, नोटरी करा. नोटरी सरकारने नेमलेला, म्हणजे शिक्काही सरकारचाच. शेताची विक्री, हक्कसोड, फारकत, मृत्युपत्र, सगळं पक्कं.’ दुर्लक्षच केलं असतं. पण आर्णी तालुक्यातल्या माझ्या आत्येभावाने याच भरवशावर दोन एकर वावराचा इसार दिला, आणि उरलेली रक्कम कापूस विकून द्यायला निघाला. म्हणून चिडूनच लिहितोय.

नोटरीला सरकार नेमतं, एवढं खरं. पण 1952च्या नोटरी कायद्याचं कलम 8 वाचा. दस्तावरच्या सह्या प्रमाणित करणं, शपथ देऊन प्रतिज्ञापत्र घेणं, भाषांतर करून ते खरं असल्याचं लिहून देणं, अशी त्याची कामं त्यात दिली आहेत. मालकी बदलणं त्यात कुठेही नाही. सही कुणाची, हे तो सांगतो. वावर कुणाचं, हे तो तपासत नाही. विकणाऱ्याने शेजाऱ्याचा गट नंबर टाकला तरी शिक्का तसाच उठेल.

आत्येभावाने त्या कागदाचा फोटो पाठवला. गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेस कुणाचा धुरा, सगळं नीट लिहिलेलं. शेवटी ओळ: ‘ताबा आजच दिला, सातबाऱ्यावर नाव चढवण्यास माझी हरकत नाही.’ याच ओळीवर माणसं फसतात. 1908च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदवावीच लागते, म्हणजे कुठलंच वावर यातून सुटत नाही. नोंदवलं नाही तर कलम 49 प्रमाणे त्या कागदाने मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा सरकार या निकालात हेच ठासून सांगितलं: करारनामा, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र जोडून केलेल्या व्यवहाराने मालकी जात नाही, त्याला नोंदवलेलं विक्रीपत्रच लागतं. ‘ताबा दिला’ असं लिहिल्याचाही उपयोग नाही. 2001च्या दुरुस्तीनंतर अशा ताब्याला संरक्षण हवं असेल तर तो करारसुद्धा नोंदवलेला लागतो. वर ताब्याचा उल्लेख आला की मुद्रांक विक्रीपत्राइतका भरावा लागतो. मग 500 रुपयांत काम झालं कुठे?

हरकत नाही म्हटल्याने फेरफार, म्हणजे सरकारी दप्तरात मालकाचं नाव बदलल्याची नोंद, होत नाही. सातबारा जुन्याच्याच नावावर राहतो. पीककर्ज तो उचलतो, बोजा तुम्ही कसता त्या वावरावर चढतो. अतिवृष्टीचं अनुदान त्याच्या खात्यात जातं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर कापूस न्यायचा तर पेऱ्याची नोंद असलेला सातबारा मागतात, तो तुमच्या नावाचा नसतो. उद्या तो वारला तर वारस फेरफार त्याच्या मुलांच्या नावे होतो, आणि ती पोरं तेच वावर तिसऱ्याला रजिस्ट्री करून देतात.

एक गोष्ट मान्य करावी लागते. लेखी इसाराच्या जोरावर करार पुरा करून मागण्याचा दावा लावता येतो, कलम 49च तेवढी वाट ठेवतं. पण त्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि कोर्टाच्या तारखा भरत बसणं म्हणजे वावर मिळणं नव्हे. तुकडेबंदीमुळे, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला बंदी असल्यामुळे, रजिस्ट्री होत नाही म्हणून लोक नोटरीकडे जातात, हेही मला माहीत आहे. पण जी विक्री कायद्याने होत नाही, ती शिक्का मारल्याने होत नाही.

बारा वर्षं कसलं की आपलं, असंही त्या मेसेजला कुणीतरी जोडलंय. मालकाच्याच परवानगीने आत आलेल्याचा ताबा प्रतिकूल, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून ठेवलेला, धरत नाहीत.

हक्कसोडही नोंदवावीच लागते. वडिलोपार्जित मिळकतीत बहिणीने भावाला हक्क सोडला तर मुद्रांक 500 रुपयेच लागतो, मग खर्चाचं निमित्त कशाला?

फारकतीचा मुद्दा वाचून मात्र संताप आला. ‘पोटगी मागणार नाही’ म्हणून पोरीची सही घेतात, नोटरी करतात आणि मुलाचं दुसरं लग्न लावतात. कोर्टाचा हुकूम नसेल तर पहिलं लग्न कायम असतं, आणि दुसऱ्या बाईला पत्नीचा दर्जा मिळत नाही. केंद्रीय कायदा मंत्रालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये नोटरींना लेखी बजावलं आहे की लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करायचा अधिकार त्यांना नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29(2) ने जातीच्या रूढीतली फारकत राखली आहे, हे खरं. पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि नोटरी त्याचा पुरावा नाही.

राहिलं मृत्युपत्र. त्याला नोटरी लागतच नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. 1925च्या वारसा कायद्याप्रमाणे दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. वाद झाला तर त्यातला निदान एक कोर्टात उभा करावा लागतो, म्हणून म्हाताऱ्या सोबत्यांऐवजी वयाने लहान आणि गावातच राहणारे साक्षीदार घ्या.