किरकोळ

नोकरी सोडून घरून अनुवादाची कामं घ्यायला लागलो, तेव्हा 'आता तू स्वतःचा मालक!' असं जो तो म्हणाला. या मालकाचा कारकूनही मीच, हे मात्र कुणी बोललं नाही.

नोकरीत पगारातून व्यवसाय कर कापला जायचा. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300. सगळ्यात तोकड्या महिन्यात सगळ्यात जास्त का, हा प्रश्न दर वर्षी पडायचा आणि चहा आला की विरायचा. आता वर्षाचे 2500 एकरकमी मीच भरतो, तेव्हा बेरीज कळली.

सीएंनी पहिल्याच भेटीत एक सुखद बातमी दिली. ती म्हणजे प्राप्तिकराचं 44एडीए नावाचं कलम. निम्मी जमा नफा म्हणून दाखवा, हिशेबाच्या वह्या ठेवायलाच नकोत. मी पेढे आणायच्या बेतात होतो. मग हे कलम कुणाला लागू, त्याची त्यांनी यादी वाचली. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, वास्तुविशारद. घरं सजवणारे आहेत. सिनेमाचे संवाद लिहिणारे आहेत, कपडे आखणारेसुद्धा आहेत. अनुवादक नाही.

"जाहिरातींची भाषांतरं करतो. संवादच असतात त्यात," मी म्हणालो.

"सिनेमा आहे का?"

"नाही."

"मग कीर्द लिहा."

शिवाय आगाऊ कर. 15 जूनला पहिला हप्ता, वर्षभराच्या कमाईचा अंदाज बांधून. दिवाळीपर्यंत काम मिळेल की नाही हे मला जूनमध्ये कुठून कळणार? हवामान खात्याकडे निदान उपग्रह तरी आहे. ग्राहक पैसे देतानाच दहा टक्के कर, म्हणजे टीडीएस, कापतात ते मात्र बिनचूक; तो प्राप्तिकर खात्यात माझ्या नावावर उमटेपर्यंत मी रोज लॉगिन करून दर्शन घेतो.

शेवटी जमाखर्च आईकडे सोपवला. तिची घरखर्चाची वही मी जन्मल्यापासून रोजच्या रोज जुळते आहे. त्याचं गुपित 'किरकोळ' या खात्यात आहे, हे मला या वर्षी कळलं. मेळ बसेना की ती फरक किरकोळमध्ये टाकते आणि झोपायला जाते. माझ्या धंद्यालाही तिने तीच पद्धत लावली.

सीएंनी वही चाळली. "प्रिंटरची शाई, ठीक. इंटरनेट निम्मं धरू, बाकीचं घरचं. हे किरकोळ म्हणजे काय?"

"किरकोळ म्हणजे किरकोळ," आई सोबत आली होती, ती म्हणाली. "त्याची कुठे पावती असते?"

"काकू, उद्या नोटीस आली तर?"

"मग मी येते ना बोलायला."

सीएंनी चष्मा काढून पुसला आणि ते सगळं खातं रद्द केलं. माझी खुर्ची अर्धी धरली, कारण तिच्यावर घरचे कपडेही वाळतात, हे आईनेच त्यांना सांगितलं होतं. मग त्यांनी स्वतःच्या फीचं बिल पुढे सरकवलं. हा एकच खर्च मात्र त्यांनी काहीही न विचारता पूर्ण धरला.