मिनियापोलिसवाल्या, सांग रे

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'लाईनीतली पोरं'. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात पोलीस लाईनीच्या बैठ्या चाळी होत्या, दोन-दोन खोल्यांच्या. त्यात वाढलेली आम्ही वीसेक जण. आता सगळे पन्नाशीचे. निम्मे स्वतः खात्यात आहेत, बाकीचे खात्याला देव मानतात. मी तीस वर्षं अमेरिकेत, मिनियापोलिसच्या बाजूला.

सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. मी एवढंच लिहिलं की खटला चालू द्यायला हवा होता. तासाभरात एक फॉरवर्ड येऊन आदळला: 'अमेरिकेत मिनियापोलिसने पोलिसांचं बजेट कापलं आणि खून दुप्पट झाले. मानवाधिकारवाल्यांनी वाचावं.' खाली मला टॅग करून, 'मिनियापोलिसवाल्या, सांग रे.' तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी तो फॉरवर्ड उगवतो आणि त्यामागे मीही.

तर सांगतो.

२५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस मेला. तीन दिवसांनी लेक स्ट्रीटवरचं थर्ड प्रीसिंक्ट, म्हणजे तिथलं पोलीस ठाणं, जळालं. ७ जूनला पाउडरहॉर्न पार्कात नगर परिषदेचे नऊ सदस्य स्टेजवर चढले आणि हे पोलीस खातंच मोडीत काढू म्हणाले. जगभर बातमी गेली ती एवढीच. पुढे डिसेंबरात प्रत्यक्षात काय कापलं? १७.९ कोटी डॉलरच्या बजेटमधून जेमतेम ८० लाख. शंभरातले साडेचार. खून मात्र त्या जूनपासूनच वाढले होते, म्हणजे कात्री लागायच्या आधी सहा महिने. २०१९ ला ४८ खून, २०२० ला ऐंशीच्या वर, २०२१ ला नव्वदच्याही वर. आकडा खरा आहे, कारण खोटं आहे. २०२० मध्ये अख्ख्या देशातच खून तीस टक्क्यांच्या आसपास वाढले. ज्यांनी पोलिसांचा एक डॉलर कापला नाही, उलट वाढवला, त्या शहरांतही वाढले.

हे मी ग्रुपवर तीनदा लिहिलंय. उत्तर म्हणून हात जोडलेला इमोजी येतो.

पण मीही अर्धंच सांगतो, हे कबूल. बजेट कापलं नाही तरी पोलीस गेलेच. नऊशेच्या आसपास होते, दोन-तीन वर्षांत सहाशेच्या खाली आले. कुणी राजीनामा दिला, कुणी पीटीएसडीचा, म्हणजे मानसिक आघाताचा, क्लेम लावून घरी बसला. कारजॅकिंग, म्हणजे धाक दाखवून गाडी हिसकावणं, इतकं वाढलं, की मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगला अपटाउनला जायचं म्हटल्यावर बायको म्हणायची, झूमवर घ्या. शहराच्या चार्टरमध्येच, म्हणजे शहराच्या घटनेतच, लिहिलंय की हजार माणसांमागे १.७ पोलीस हवेत. उत्तर मिनियापोलिसच्या काही रहिवाशांनी त्यावरून कोर्ट गाठलं आणि २०२२ मध्ये मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टाने त्यांचं म्हणणं उचलून धरलं. ज्या भागात गोळीबार सर्वात जास्त, काळ्यांची वस्ती सर्वात दाट, तिथलीच माणसं पोलीस वाढवा म्हणून भांडत होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस खात्याच्या जागी नवं खातं आणायचं का, यावर मतदान झालं. ५६ टक्के लोकांनी नाही म्हटलं, त्यात हे उत्तरेकडचे वॉर्डही होते.

याचं पुण्यातल्या माझ्या मित्रांना काय करावं कळत नाही. हो, मला फक्त लाईनीतल्यांचाच राग येतो असं नाही. २०२० च्या जूनमध्ये कोथरूडच्या एका सोसायटीतून एकाने 'भारतातही पोलिसांचा निधी कापा' अशी पोस्ट टाकली होती. अरे, कसला निधी? त्याने पोलीस ठाणं आतून पाहिलंय का कधी? आमच्या लहानपणी पंचनाम्याचे कागद फिर्यादीलाच आणायला लावायचे, कार्बनसकट. जीपमध्ये डिझेलही त्यानंच भरायचं. बाबांची ड्युटी बारा तासांची, बंदोबस्त लागला की चोवीसची. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग मुंबईत देवनारला झाला तोच मुळी २०१६ साली. आणि दर लाखामागे पोलीस म्हणाल, तर आपल्याकडे प्रत्यक्षात दीडशेच्या आसपास. मिनियापोलिस ज्या आकड्याला ओसाड पडलं म्हणून रडत होतं, त्याच्या आसपास आपण कायमच असतो. आपलं खातं न कापताच कापलेलं आहे.

मग लाईनीतले म्हणतात, बघ, म्हणूनच दंडुका लागतो. माणसं कमी, केसेस जास्त, चार फटके दिल्याशिवाय चोर बोलत नाही.

इथे माझा तोल जातो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत एका लूटमारीच्या केसमध्ये पकडलेला तरुण कोठडीत मारहाणीत मेला, प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं आणि ठाण्यातून सांगितलं गेलं की आरोपी पळून गेला. जाळणारे पोलीसच. त्याला कमी बजेट कारण होतं? हैदराबादला २०१९ मध्ये बलात्काराच्या केसमधले चार आरोपी चकमकीत मारले, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे आपल्याच विदर्भातल्या न्यायमूर्ती सिरपूरकरांच्या आयोगाने ती चकमक बनावट ठरवली, तेव्हा फुलंवाले कुठे होते? मिनियापोलिसने फ्लॉइडच्या घरच्यांना २ कोटी ७० लाख डॉलर दिले, म्हणजे त्या गाजलेल्या कपातीच्या तिपटीहून जास्त. हे लोकांच्या टॅक्समधून गेलं. फॉरवर्डमध्ये हे नसतं.

बघा, कसा चढतो माझा सूर. दोन देशांतलं मला सोयीचं तेवढं उचलतो आणि वरून प्लिमथच्या डेकवर बसून उपदेश करतो. 'मिनियापोलिसवाला' हेही तसं खोटंच. मी राहतो प्लिमथ या सबर्बात, शहरापासून ३९४ हायवेवरून वीस मिनिटं. आमचं पोलीस खातं वेगळं, शाळा वेगळ्या, त्या मतदानात माझं मतही नव्हतं. प्रीसिंक्ट जळत होतं त्या रात्री मी टीव्हीसमोर होतो. मध्यरात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो, तर कोपऱ्यावर आमच्या गावाची स्क्वाड कार उभी, दिवे बंद करून. मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, लाईनीत रात्री गस्तीची शिट्टी ऐकू आल्यावर वाटायचं तसं वाटलं. त्या काचेआडच्या माणसाला मी हात केला. त्यानेही केला.

दुसरी गोष्ट अजून ग्रुपवर सांगितलेली नाही. पुढच्या हिवाळ्यात मला हायवेवर पोलिसाने थांबवलं, ताशी ६५ मैलांच्या जागी ८०. दोन्ही हात स्टिअरिंगवर, खिडकी खाली, शिकवलंय तसं. आणि त्याने लायसन्स मागायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, 'माझे वडील पोलिसात होते.' गावाकडे लुनावर ट्रिपल सीट पकडलं की हेच म्हणायचो, 'बाबा खात्यात आहेत,' की सुटलो. तीस वर्षं अमेरिकेत काढून, नागरिकत्व घेऊन, जीभ तिथेच. तो हसला, कुठे म्हणाला, वॉर्निंग देऊन सोडलं. ऑफिसात हे मी गंमत म्हणून सांगितलं. आमच्या टीममधला सोमाली मुलगा हसला नाही. 'माझे वडील टॅक्सी चालवायचे,' एवढंच म्हणाला.

लाईनीच्या मागच्या भिंतीला लागूनच ठाणं होतं. कधी कधी रात्री तिथून आवाज यायचे. आई उठून रेडिओ मोठा करायची. बातम्या असोत, शेतीचा कार्यक्रम असो, मोठा. आम्ही पितळी बक्कल ब्रासोने घासत बसायचो, बाबांचा पट्टा सकाळी चकचकीत हवा असायचा. ग्रुपवरच्या प्रत्येकाने ते आवाज ऐकलेत. याबद्दल आजवर कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही. मीसुद्धा नाही.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येतं, पण मराठी चॅनेल दिवसभर चालू. परवा रविवारी फोनवर अचानक म्हणाले, तुझ्या गावची ती गुडघ्याची केस, तिचं पुढं काय झालं? म्हटलं, ज्याचा गुडघा होता त्याला साडेबावीस वर्षं.

"आणि बाकीचे?"

"बाकी तिघांनाही शिक्षा झाली."

"तिघांनाही? एक जण नुसता लोकांना मागं सारत होता ना रे? हात पण लावला नव्हता त्यानं."

"त्यालाही."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, लाईन गेली.

"मी बाहेर टेबलावर असायचो," म्हणाले. "आत कधी गेलो नाही."