जेनेरिकच्या वादात तपासणी कुठे आहे?

ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना औषधे जेनेरिक नावानेच, म्हणजे कंपनीच्या ब्रँडऐवजी औषधातल्या मूळ घटकाच्या नावाने, लिहिण्याची सक्ती केली आणि डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध करताच त्याच महिन्यात ती स्थगितही केली. तेव्हापासून हा विषय आमच्या परभणीकडच्या नातेवाइकांत निघाला, की इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मला ‘तुमच्याकडे कसे आहे?’ असे हमखास विचारले जाते.

इकडे डॉक्टर बहुतेक औषधे मूळ नावाने लिहितात आणि औषध दुकानदाराला सरकारी दरपत्रकाप्रमाणे पैसे मिळतात, त्यामुळे महागडा ब्रँड खपवण्यात त्याला काही लाभ नसतो. रुग्णाला 2024 पासून दर औषधामागे 9.90 पौंड पडतात. साठी ओलांडलेल्यांना आणि रुग्णालयात दाखल असलेल्यांना तेही नाहीत. एखादी गोळी नाही म्हणून रिकाम्या हाताने परतण्याची वेळ इथेही येते, हे मी आवर्जून सांगतो, पण तेवढे मात्र कोणी ऐकून घेत नाही.

मला महत्त्वाचा फरक दिसतो तो वॉर्डात. इथे फार्मासिस्ट खाटेजवळचा औषधांचा तक्ता वाचतो आणि ‘हे प्रतिजैविक अजून किती दिवस?’ असे डॉक्टरांना थेट विचारतो. याउलट, मामांना न्यूमोनियासाठी गावाकडच्या एका खासगी दवाखान्यात ठेवले, तेव्हा मावसभावाने चिठ्ठीचा फोटो पाठवला होता. सेफ्ट्रिअॅक्सोन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन, त्याखाली मल्टिव्हिटॅमिन, खोकल्याचे मिश्र औषध, प्रोटीन पावडर, सलाईनचे सेट, आणि हे सारे दवाखान्याच्याच मेडिकलमधून घ्यायचे. सेफ्ट्रिअॅक्सोन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने त्याची कमाल किंमत सरकारने बांधलेली आहे. बिल फुगले होते ते खालच्या ओळींनी. नाव जेनेरिक लिहा की ब्रँडचे, त्या ओळी कमी होणार नव्हत्या, कारण त्या कशासाठी, हे विचारणारा तिथे कोणी नव्हता.

जेनेरिकच्या दर्जाची खात्री कोण देणार, हा आपल्याकडच्या डॉक्टरांचा आक्षेप मात्र मला पोकळ वाटत नाही. डिसेंबर 2024 मध्ये अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयाला पुरवलेल्या अॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट निघाल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. इंग्लंडमधला डॉक्टर निर्धास्तपणे मूळ नाव लिहितो, कारण त्याच्यामागे कारखान्यापर्यंत जाणारा निरीक्षक उभा असतो. हा निरीक्षक छत्रपती संभाजीनगरजवळच्या आपल्या वाळूजलाही येऊन गेला आहे: तिथल्या एका कारखान्यात त्रुटी आढळल्याने ब्रिटनच्या नियामकाने जुलै 2013 मध्ये त्या कारखान्यातली 16 औषधे परत मागवली होती, आणि तीही रुग्णांना अपाय झाल्याचा पुरावा नसताना, केवळ खबरदारी म्हणून. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या रुग्णासाठी वाळूजमध्ये होणारी तपासणी अंबाजोगाईच्या रुग्णासाठी का होऊ नये, याचे उत्तर पैशांच्या कमतरतेत शोधणे मला पटत नाही.

डॉक्टरांच्या पेनावर सक्ती करणे सरकारला सोपे जाते, कारण त्याला आदेशापलीकडे काही लागत नाही. सक्ती पुन्हा आणायचीच असेल, तर आधी शासकीय रुग्णालयांतल्या फार्मासिस्टला खिडकीमागून उठवून वॉर्डात प्रश्न विचारण्याचा अधिकार द्यावा आणि पुरवठ्याच्या प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेतला अहवाल गोळ्या वाटण्यापूर्वी हाती येईल अशी व्यवस्था करावी.