“आता टुरिस्टसाठी नाचतात” या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपवर तो ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला, यावेळी चक्क काकांकडून, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ६५ हजार वर्षं तोच नाच जसाच्या तसा चालत आला, मग गोरे आले, भाषा मेल्या, तरुणांना काही येत नाही, आणि आता सरकारने टुरिस्टसाठी फेस्टिव्हल काढलेत तिथे हे लोक आपले पवित्र विधी तिकीट लावून विकतात. खाली रडका इमोजी.

काका, पहिलं म्हणजे तो ६५ हजारचा आकडा. उत्तर ऑस्ट्रेलियात मजेदबेबे नावाच्या ठिकाणी खडकाच्या आडोशाला खोदकामात जी दगडी हत्यारं मिळाली त्यावरून माणूस तिथे कधीपासून राहतोय याचा तो अंदाज आहे, त्यावरही वाद आहेत. नाचाचा त्यात काही संबंध नाही. आणि “जसाच्या तसा” कोण म्हणालं? उत्तरेला आर्नहेम लँडच्या किनाऱ्यावर आत्ताच्या इंडोनेशियातून, मकासरहून, दरवर्षी मोसमी वाऱ्यावर होड्या यायच्या, समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा समुद्रातला प्राणी) गोळा करायला, ती वाळवून चीनला विकायला, आणि हे १९०७ पर्यंत चालू होतं. त्या होड्या, त्यांचे झेंडे सगळं तिथल्या गाण्यात आणि नाचात उतरलंय. नम्बुलवार गावची मंडळी आजही हातात लाल झेंडे घेऊन नाचतात आणि तो त्यांचा स्वतःचा, वाडवडिलांचा नाच आहे. त्याच मकासरवाल्यांकडून आर्नहेम लँडच्याच योल्ंगू लोकांनी पैशाला शब्द घेतला, “रुपिया”. हो, आपलाच रुपया, फिरत फिरत तिथे पोचलेला.

बरं हे जुनं झालं. उत्तरेकडचंच वाडेये गाव घ्या. १९३५ मध्ये तिथे ख्रिस्ती मिशन आलं आणि वेगवेगळ्या भाषांची, आपसात भांडणारी कुळं एका गावात येऊन पडली. मग जाणत्या लोकांनी काय केलं तर नाच-गाण्याची नवी मांडणी केली, तीन गट, प्रत्येकाचा आपला प्रकार (जान्बा, वांगा, लिरगा), त्यातली कित्येक गाणी तेव्हा नव्याने रचलेली, आणि रीत अशी की एकाच्या घरी कार्य असेल तर नाचायला दुसऱ्या गटाने यायचं. म्हणजे भांडण मिटवायला नवी परंपरा रचली की हो. फॉरवर्डच्या हिशोबाने ही पण नकलीच! आणि २००७ मध्ये आर्नहेम लँडजवळच्या एल्को बेटावरच्या आदिवासी पोरांनी ग्रीक नाचाच्या संगीतावर आपल्या पद्धतीच्या स्टेप्स केल्या, व्हिडिओ जगभर फिरला, त्याने संस्कृती बुडाली म्हणायचं का?

“सरकारने टुरिस्टसाठी काढलेत” हे तर सरळ चूक. आर्नहेम लँडमधला गार्मा फेस्टिव्हल १९९९ पासून योथू यिंदी फाउंडेशन भरवतं, ती संस्था योल्ंगू कुळांचीच. तिकीट महाग आहे, ते मान्य, सामान्य माणसाने जायचं कसं हा प्रश्न मलाही पडतो. पण रोज संध्याकाळी बुंगुल नावाचा नाच होतो, म्हणजे यिदाकी (आपण डिजरिडू म्हणतो ते), टिपऱ्या, गाणारे एका बाजूला आणि वाळूत नाचणारे, त्यात आजोबा, नातू सगळे.

आणि पवित्र विधी विकण्याबद्दल. योल्ंगू लोकांत काय सगळ्यांसमोर करायचं आणि काय फक्त अधिकार असलेल्यांसमोर, याचे नियम कडक आहेत. सर्वांसमोरच्या, खुल्या भागाला त्यांच्यात शब्दच “गार्मा” आहे. फेस्टिव्हलचं नाव वाचलं असतं तरी हा मुद्दा लिहिला गेला नसता.

भाषांचं दुखणं मात्र खरं आहे. गोरे आले तेव्हा अडीचशेच्या वर भाषा होत्या, २०२० च्या सरकारी अहवालात १२३ वापरात आणि त्यातल्या धडधाकट म्हणाव्यात अशा फक्त १२. पण फॉरवर्ड असं लिहितो की जणू आपोआप मेल्या. क्वीन्सलँड राज्यात १८९७ च्या कायद्याने सरकारला आदिवासींना उचलून कुठेही नेता यायचं, मिशनमध्ये मुलं आईबापांपासून वेगळी डॉर्मिटरीत ठेवली. तिथल्याच होप व्हेलची बहुतेक वस्ती १९४२ मध्ये लांब दक्षिणेला वूराबिंडाला हलवली, ती १९४९ पासून परतायला लागली. हे तेच लोक ज्यांच्या गूगू यिमिथिर भाषेतून “कांगारू” शब्द आला.

“तरुणांना काही येत नाही” म्हणणाऱ्याने लॉराला जावं. केर्न्सपासून तीन-चार तासांवर, क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाकडच्या केप यॉर्कमधलं एवढंसं गाव, दर दोन वर्षांनी तिथे गावोगावचे संघ नाचायला येतात. मी २०२३ मध्ये गेले होते, तीन दिवस नुसती धूळ, जेवणात पण धूळ. तिथली खास स्टेप म्हणजे शेक-अ-लेग, गुडघे भराभर उघड-मीट करत थरथरवायचे, पायाने माती उडवायची. एका संघात शेवटी पाचेक वर्षांचा पोरगा होता, अंगाला पांढरी माती, गवताचा घागरा सारखा घसरत होता, एका हाताने तो धरून पोरगा शेजारच्या मोठ्या पोराच्या पायाकडे बघत बघत नाचत होता, आणि एकदा गुडघे जमले तशी कडेच्या बायका अशा ओरडल्या की तो दचकून थांबलाच. टुरिस्ट होते की, माझ्यासारखे. पण त्या बायका आमच्यासाठी ओरडत नव्हत्या.

आणि काका, फॉरवर्डमधला तो जीभ बाहेर काढलेला फोटो ऑस्ट्रेलियाचा नाहीच. तो हाका नाच आहे, न्यूझीलंडच्या माओरींचा.